अमेरिकन फुटबॉलमधील चेंडू झेलणारे श्रेष्ठ गडी



फुटबॉल हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें पायानें उडविलेला वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेंतील लोक ज्या खेळास फुटबॉल म्हणतात त्यांत पायाचें काम धांवण्यापुरतें आणि क्वचित् लाथ मारण्यापुरतें. बाकी सारा खेळ हातांचा व खांद्यांचा. चेंडूहि वाटोळा नसून असोल्या नारळासारखा दोन्ही टोकांस निमुळता. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. ज्या पक्षाच्या हातीं चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें. तितकें साधलें तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. असें रेटीत रेटीत प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे चेंडू नेला म्हणजे टचडाऊन झालें आणि सहा गुण मिळाले.

चेंडू पुढें नेण्याचे मार्ग दोन. एक, तो काखेंत दाबून समोरच्या गर्दींत घुसणें. दुसरा, क्वार्टरबॅक नांवाच्या गड्यानें तो लांब फेकावा आणि धांवत्या सोबत्यानें हवेंतल्या हवेंत झेलावा. मैदानाच्या कडेला, इतरांपासून अंतरावर उभा राहून हें झेलण्याचें काम करणारा गडी म्हणजे वाइड रिसीव्हर. प्रतिपक्षाचा एक राखणदार त्याच्या सावलीसारखा मागें असतो. त्यास चुकवावयाचें, मान वळवून पाठीमागून येणारा चेंडू पाहावयाचा, तो हातीं येतांच अंगावर आदळणाऱ्या माणसाचा धक्का सोसावयाचा आणि तरीहि चेंडू सोडावयाचा नाहीं, असें हें चहूंकडून कठीण काम आहे.

या रिसीव्हरांत सर्वांत श्रेष्ठ कोण, हा वाद अमेरिकेंत अनेक पिढ्या चालत आला आहे. त्यासाठीं लोक झेल मोजतात, यार्ड मोजतात, टचडाऊन मोजतात. परंतु परीक्षेचे कागद तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें आहे त्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. निरनिराळ्या वर्षीं निरनिराळी प्रश्नपत्रिका सोडविलेल्या मुलांचे गुण एका खालीं एक मांडून पहिला क्रमांक काढतां येत नाहीं. प्रश्नपत्रिका कशी होती, वेळ किती होता, आणि परीक्षेस बसण्याची परवानगी कोणाकोणाला होती, हें आधीं पाहावें लागतें. म्हणून आज हा प्रश्न इतिहासाच्या बाजूनें घ्यावा असें मीं योजिलें आहे.

आरंभीं या खेळांत चेंडू पुढें फेकण्यास बंदीच होती. गड्यांनीं एकमेकांचे हात धरून रास करावी आणि समोरच्या राशीवर कोसळावें, असा प्रकार चाले. त्यांत हाडें मोडत आणि दरवर्षीं माणसें मरत. १९०५ सालच्या मृत्यूंनीं लोकमत इतकें खवळलें कीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींस व्हाइट हाऊसमध्यें बोलावून खेळाचें हें रूप बदलण्याविषयीं बजावलें. १९०६ सालीं जे नवे नियम झाले त्यांत पुढें चेंडू फेकण्यास मुभा मिळाली. ती मुभा मोठी कंजूष होती. फेकलेला चेंडू कोणाच्याहि हातास न लागतां भुईवर पडला तर तो सरळ प्रतिपक्षाचा होई. अशा स्थितींत शहाणा कप्तान चेंडू फेकील कशाला? माणसें वांचावींत म्हणून काढलेली ही वाट पुढें तीस वर्षें बहुतेक ओसाडच होती.

धंदेवाईक संघांची संघटना ओहायो संस्थानांतील कँटन या गांवीं १९२० सालीं स्थापन झाली आणि १९२२ पासून ती नॅशनल फुटबॉल लीग या नांवानें ओळखली जाऊं लागली. त्या संघटनेनें १९३३ सालीं फेकण्याच्या नियमांतील एक मोठी अडचण दूर केली. त्यापूर्वीं क्वार्टरबॅकला आघाडीच्या रेषेपासून निदान पांच यार्ड मागें जाऊनच चेंडू फेकावा लागे. आतां रेषेमागें कोठूनहि फेकण्यास हरकत उरली नाहीं. पुढल्याच वर्षीं चेंडूचा घेर कमी करण्यांत आला आणि तो हातांत नीट बसूं लागला. याच सुमारास, १९३५ सालीं, डॉन हट्सन हा आर्कन्सा संस्थानांतील पाइन ब्लफ गांवचा सडपातळ तरुण ग्रीन बे पॅकर्स या संघांत दाखल झाला.

हट्सनची कथा गमतीची आहे. त्यानें ग्रीन बे आणि ब्रुकलिन अशा दोन संघांच्या करारपत्रांवर सह्या करून ठेविल्या होत्या. दोन्ही पत्रें संघटनेच्या अध्यक्षांकडे एकाच दिवशीं पोहोंचलीं आणि ज्या पाकिटावर टपालाचा शिक्का आधींच्या वेळेचा होता तें ग्राह्य धरण्यांत आलें, असें सांगतात. ब्रुकलिनचा संघ चेंडू फेकण्याच्या भानगडींत फारसा पडत नसे. टपालखात्याचा शिक्का थोडा उशिरां बसता तर या खेळाचा इतिहास निराळा लिहावा लागता.

हट्सनपूर्वीं चेंडू झेलणारा म्हणजे सरळ पुढें धांवणारा आणि हात वर करणारा गडी. हट्सननें धांवण्याच्या वाटाच आंखून घेतल्या. अमुक पावलें सरळ, मग एकाएकीं डावीकडे. अमुक पावलें तिरपें, मग थबकून मागें. आणि फेकणाराहि तो जेथें आहे तेथें न फेकतां जेथें पोहोंचणार आहे तेथें फेकी. आज जगांतला प्रत्येक रिसीव्हर याच वाटांवरून चालतो. १९४२ सालीं अकरा सामन्यांत त्यानें ७४ झेल घेऊन १,२११ यार्ड मिळविले आणि १७ टचडाऊन केलीं. त्या वर्षीं झेलांच्या यादींत जो दुसरा होता त्याला हट्सनच्या निम्मेहि झेल साधले नव्हते. १९४५ सालीं डेट्रॉइटविरुद्ध एकाच पावभागांत त्यानें चार टचडाऊन करून आणि पांच वेळां चेंडू खांबांमधून लाथाडून २९ गुण मिळविले. त्या काळीं तेच गडी दोन्ही बाजूंनीं खेळत, त्यामुळें प्रतिपक्षाचे फेकलेले ३० चेंडूहि त्यानें मधल्यामध्यें पळविले आहेत. अकरा हंगामांनंतर तो निवृत्त झाला तेव्हां त्याच्या नांवावर ४८८ झेल आणि ९९ टचडाऊन होतीं. नव्याण्णवाचा हा आंकडा ओलांडण्यास ४४ वर्षें लागलीं. १९८९ च्या डिसेंबरांत सिएटलच्या स्टीव्ह लार्जंटनें शंभरावें टचडाऊन केलें.

सामन्यांच्या प्रमाणांत पाहिलें तरी हट्सनच पुढें दिसतो. ११६ सामन्यांत ९९, म्हणजे शंभर सामन्यांमागें ८५. ज्यांची नांवें पुढें यावयाचीं आहेत त्यांपैकीं रँडी मॉसचें प्रमाण ७२ आणि जेरी राइसचें ६५. मग हट्सनला पहिला क्रमांक देऊन हें भाषण येथेंच कां संपवूं नये?

याचें उत्तर प्रश्नपत्रिकेंत नसून हजेरीपटांत आहे. १९३४ पासून १९४५ पर्यंत नॅशनल फुटबॉल लीगमध्यें एकहि काळा खेळाडू नव्हता. लेखी नियम कोठेंच नव्हता. संघांच्या मालकांनीं आपसांत मूकपणें ठरवून घेतलेली ती बंदी होती. हट्सनचा पहिला हंगाम १९३५ चा आणि शेवटचा १९४५ चा. म्हणजे त्याची सारी कारकीर्द, पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत, या बंदीच्या आंतच बसते. हा दोष हट्सनचा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्यांस मैदानांत पाऊल टाकूं दिलें नाहीं त्यांच्यांत हट्सनला अडविणारा राखणदार होता कीं नव्हता, त्याच्याहून चपळ झेलणारा होता कीं नव्हता, हें कोणत्याहि आंकड्यांतून काढतां येत नाहीं.

त्यांतच युद्धाची भर पडली. १९४२ ते १९४५ या चार वर्षांत उत्तम उत्तम गडी सैन्यांत गेले आणि संघ कसेबसे भरले गेले. हट्सनच्या ९९ टचडाऊनांपैकीं जवळजवळ निम्मीं या चार वर्षांतलीं आहेत. त्याच्या बाजूनें सांगावयाचें तर, झेलांच्या यादींत तो आठ वेळां पहिला आला आणि त्यांपैकीं चार वेळां युद्धाची झळ लागण्यापूर्वीं आला. तो युद्धामुळें मोठा झाला असें मुळींच नाहीं. तो मोठा होताच. किती मोठा, हें मोजण्याची पट्टी मात्र त्या काळानें वांकडी करून ठेविली.

बंदी सुटण्याची हकीकतहि ऐकण्यासारखी आहे. १९४६ सालीं लॉस एंजल्सच्या संघानें केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड या दोघां काळ्या गड्यांस घेतलें आणि दार किलकिलें झालें. इतर संघ हळूहळू त्या वाटेनें गेले. राजधानी वॉशिंग्टनच्या संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनीं मात्र १९६२ पर्यंत दार लावूनच घेतलें होतें. त्यांचें नवें क्रीडागार सरकारी जमिनीवर उभें होतें. केनेडींच्या मंत्रिमंडळांतील स्ट्यूअर्ट युडॉल यांनीं तें वापरूं देणार नाहीं असें बजावलें, तेव्हां कोठें मार्शल वांकले. त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या काळ्या खेळाडूंपैकीं बॉबी मिचेल हा एक. क्लीव्हलंडच्या संघांत तो चेंडू घेऊन धांवण्याचें काम करी. येथें त्यास रिसीव्हर म्हणून उभें केलें. पहिल्याच हंगामांत त्यानें ७२ झेल घेऊन १,३८४ यार्ड मिळविले आणि लीगमध्यें दोन्ही बाबतींत तो अग्रस्थानीं राहिला. मार्शल यांच्या संघानें पंधरा-सोळा वर्षें काय गमावलें असेल याचा अंदाज या एका हंगामावरून करावा.

आतां जेरी राइस. मिसिसिपी संस्थानांतील एका गवंड्याचा हा मुलगा. वडिलांच्या हाताखालीं काम करतांना भाऊ खालून विटा फेकीत आणि हा वर उभा राहून त्या झेली, असें तो स्वतः सांगतो. शिकला तो मिसिसिपी व्हॅली स्टेट या काळ्या विद्यार्थ्यांसाठीं स्थापन झालेल्या लहानशा विद्यालयांत. १९८५ च्या निवडींत त्याच्या आधीं पंधरा जणांस पसंती मिळाली आणि त्यांत दोघे रिसीव्हर होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघांत आल्यावर पहिल्या वर्षीं त्याच्या हातून इतके चेंडू निसटले कीं घरच्या प्रेक्षकांनींच त्याची हुर्यो केली. विजेच्या वेगानें धांवणाऱ्यांतला तो नव्हताच. त्यानें मिळविलें तें एका टेकडीवर. हंगाम संपून इतर लोक विश्रांति घेत तेव्हां हा रोज अडीच मैलांचा चढ धांवून जाई. त्याच्याबरोबर हौसेनें आलेले तरुण गडी वाटेंत कडेला बसून ओकत, अशी त्या टेकडीची कीर्ति आहे.

१९८७ सालीं खेळाडूंचा संप झाला म्हणून राइसला बाराच सामने खेळतां आले. त्या बारांत त्यानें २२ टचडाऊन केलीं. १९८९ च्या जानेवारींत सुपर बोल या अंतिम सामन्यांत त्यानें ११ झेल घेऊन २१५ यार्ड मिळविले व तो त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९५ सालीं १२२ झेल आणि १,८४८ यार्ड. वीस हंगामांच्या अखेरीस १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड आणि झेलून केलेलीं १९७ टचडाऊन. यार्डांच्या यादींत त्याच्या खालोखाल लॅरी फिट्झगेराल्ड आहे, त्याचे यार्ड १७,४९२. पहिल्या आणि दुसऱ्यांतलें हें अंतर ५,४०३ यार्डांचें आहे. कित्येक चांगल्या रिसीव्हरांची उभी कारकीर्द तेवढ्यांत आटोपते.

राइसवर दोन आक्षेप घेतात. पहिला असा कीं १९७८ सालीं नियम बदलले. राखणदारास रिसीव्हरच्या अंगास हात लावण्याची मुभा पहिल्या पांच यार्डांपुरतीच राहिली आणि क्वार्टरबॅकच्या रक्षकांस हात पसरून अडविण्याची सोय मिळाली. हंगामहि सोळा सामन्यांचा झाला. आक्षेप खरा आहे, पण तो राइसच्या साऱ्या समकालीनांस लागू पडतो आणि त्यांपैकीं कोणीहि त्याच्या जवळपास पोहोंचला नाहीं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग या दोघां थोर क्वार्टरबॅकांनीं त्याच्या ओंजळींत चेंडू आणून घातले, असें म्हणतात. १९९७ सालीं त्याचा गुडघा मोडला. तेव्हां तो चौतिशींत होता आणि आतां तो संपला असें लोक बोलूं लागले. पुढल्या वर्षीं त्यानें पुन्हां हजारांवर यार्ड केले. आणि २००२ सालीं, मोंटाना व यंग दोघेहि निवृत्त झालेले असतां, ओकलंडच्या संघांतून खेळून त्यानें ९२ झेल घेतले. त्या हंगामांत त्यास चाळीसावें वर्ष पुरें झालें. त्या वर्षींचे त्याचे यार्ड होते १,२११. बरोबर साठ वर्षांपूर्वीं हट्सननें आपल्या सर्वोत्तम हंगामांत केले होते तितकेच, एकहि कमी-जास्त नाहीं. हट्सनला त्यासाठीं अकरा सामने लागले आणि राइसला सोळा, हें खरें. पण हट्सन तेव्हां एकोणतीस वर्षांचा होता आणि त्याच्यापुढें अर्धी लीग सैन्यांत गेलेली होती.

माझा पहिला क्रमांक राइसला आहे. दुसरा हट्सनला देतों, आणि तो देतांना त्यानें या खेळाच्या झेलण्याला व्याकरण दिलें ही गोष्ट मीं टचडाऊनांहून अधिक धरली आहे.

तिसऱ्यासाठीं रँडी मॉसचें नांव घेतांना शिक्षकाची लेखणी अडखळते. सहा फूट चार इंच उंची, हरणाचा वेग, आणि पुढें जाऊन मागें हात करावा व चेंडू अलगद तेथें येऊन बसावा, असें झेलणें. तरुणपणींच्या उनाडपणामुळें १९९८ च्या निवडींत वीस जण त्याच्या पुढें गेले. डॅलसच्या संघानेंहि त्यास वगळलें होतें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्याच डॅलसविरुद्ध त्यानें तीनच झेल घेतले आणि तिन्ही टचडाऊन झालीं, यार्ड १६३. पहिल्या हंगामांत १७ टचडाऊन. पुढें कांहीं वर्षें त्यानें मनापासून खेळावें तर खेळावें, नाहीं तर नाहीं, असें केलें. ओकलंडला २००६ सालीं त्याचे अवघे ५५३ यार्ड झाले. पुढल्या वर्षीं न्यू इंग्लंडच्या संघानें त्यास कवडीमोलानें घेतलें आणि त्यानें २३ टचडाऊन करून राइसचा उच्चांक मोडला. सोळा सामन्यांत तेवीस आणि बारांत बावीस यांची तुलना श्रोत्यांनींच करावी. वर्तनाचे गुण येथें धरावयाचे असते तर मॉस पुष्कळ खालीं गेला असता. मी ते धरीत नाहीं. ज्या गड्याच्या भीतीनें प्रतिपक्ष दोन दोन माणसें एकाच कोपऱ्यांत गुंतवून ठेवी त्याची जागा तिसरीच.

चौथा लान्स ऑलवर्थ. हा सॅन डिएगोकडून अमेरिकन फुटबॉल लीग या प्रतिस्पर्धी संघटनेंत खेळला. १९६३ ते १९६९ अशीं ओळीनें सात वर्षें त्यानें हजारांवर यार्ड केले, आणि १९६५ सालीं तर चौदा सामन्यांत १,६०२. त्या लीगचे संघ कच्चे होते असें म्हणून लोक त्यास खालीं ओढतात. १९६९ च्या जानेवारींत त्याच कच्च्या लीगच्या न्यूयॉर्क जेट्सनीं बलाढ्य बाल्टिमोरला धूळ चारली. तेव्हांपासून हा आक्षेप निदान अर्धा तरी लंगडा झाला आहे.

पांचवा रेमंड बेरी, आणि येथें माझा पक्षपात मी लपवीत नाहीं. दृष्टि अधू, एक पाय दुसऱ्याहून किंचित् आंखूड, वेग साधारण. १९५४ सालीं बाल्टिमोरनें त्यास विसाव्या फेरींत, म्हणजे बाजार उठतां उठतां, निवडलें. सर्व गडी घरीं गेल्यावर तो आणि क्वार्टरबॅक जॉनी युनायटस मैदानावर राहून त्याच त्या वाटा घोटून घेत. २८ डिसेंबर १९५८ रोजीं न्यूयॉर्कच्या संघाशीं अंतिम सामना झाला. तीन गुणांची पिछाडी, वेळ संपत आलेली. युनायटसनें लागोपाठ तीन चेंडू बेरीकडे फेकले, बेरीनें तिन्ही झेलले, ६२ यार्ड मिळाले आणि अवघे सात सेकंद उरले असतां बरोबरी साधली. जादा वेळांत बाल्टिमोरनें २३ विरुद्ध १७ असा सामना जिंकला. त्या दिवशीं बेरीचे १२ झेल आणि १७८ यार्ड होते. दूरचित्रवाणीवर हा सामना पाहिलेल्या लक्षावधि लोकांमुळेंच धंदेवाईक फुटबॉलला आजचें वैभव आलें, असें पुष्कळ जाणकार मानतात.

फिट्झगेराल्ड व मार्व्हिन हॅरिसन मागें कां, असें कोणी विचारील. दोघेहि निर्दोष खेळाडू. पण खेळाची रीत बदलून जावी असें त्यांच्यामुळें कांहीं झालें नाहीं. याच्या उलट डॅलसचा बॉब हेज. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्यें शंभर मीटरचें सुवर्णपदक जिंकून तो फुटबॉलमध्यें आला. एकट्या राखणदाराच्यानें त्याचा पाठलाग होईना, म्हणून संघांनीं माणसाऐवजीं जागा राखण्याची पद्धति वाढविली. त्यापुढें त्याचेच आंकडे घसरले. सन्मानमंदिरांत त्यास २००९ सालीं घेतलें. तो २००२ सालींच वारला होता. २०१९ सालीं लीगनें शंभर वर्षांच्या निमित्तानें निवडलेल्या दहा रिसीव्हरांत हेज नाहीं, आणि १५,९३४ यार्ड करणारा टेरेल ओवेन्सहि नाहीं.

त्या दहांत न आलेला आणखी एक डेट्रॉइटचा कॅल्व्हिन जॉन्सन. २०१२ सालीं १,९६४ यार्ड करून त्यानें राइसचा १,८४८ चा उच्चांक मागें टाकला. हरणाऱ्या संघांत त्याची बहुतेक कारकीर्द गेली. नऊ हंगाम झाले, ११,६१९ यार्ड झाले, आणि दुखापतींनीं अंग पिंजून गेलें तेव्हां वयाच्या तिसाव्या वर्षीं त्यानें खेळ सोडला. आणखी पांच वर्षें तो टिकता तर वरच्या यादींत कोणाला तरी सरकावें लागलें असतें. जेवढें खेळला तेवढ्यावर मी त्याला सहावा ठेवतों.